अपोलो बंदरावरचा उजेड

(बाळापूर इथं युवकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे. फक्त शिव्या कमी केल्या आहेत.)



संयोजकांनी पत्रात मला विषय दिला होता, 'बाळापूरचा ऐतिहासिक वारसा आणि आजचा तरुण'. खाली लिहिलं होतं, किल्ल्यावर बोला, मिर्झाराजाच्या छत्रीवर बोला. मी मुंबईच्या बंदरावर बोलणार आहे. हसू नका. मघाशी चहाच्या वेळी एका पोट्ट्यानं मला अडवलंच, "दादा, बाळापुरात कुठचा समुद्र आला? इथं उन्हाळ्यात नदीले पाणी नाही राहत." खरं आहे त्याचं. पण आपल्या किल्ल्याखाली मन आणि म्हैस एकमेकींना भेटतात, ते पाणी पुढं पूर्णेत जातं, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्रात पडते. म्हणजे पावसाळ्यात तुम्ही पुलावरून थुंकलात तरी ती थुंकी अरबी समुद्रापर्यंत जाते. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून ज्यांच्या गळ्यात मडकं बांधलं होतं त्यांची आपण नातवंडं, म्हणून उदाहरण मुद्दाम हेच घेतलं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या हिवाळ्यात मी मुंबईला गेलो होतो. माझा भाचा तिथं लाइटच्या एका कंत्राटदाराकडं रोजीवर आहे. कंत्राटदाराचं नाव घेत नाही, पोराची रोजी जाईल. तो म्हणाला, "मामा, आज गेटवेपाशी ये. भिंतीवर जहाजं चालवणार आहोत." मी गेलो. अपोलो बंदरावर मुंगीला जागा नव्हती. पोलीस, बांबूचे कठडे, पुढं खुर्च्या, खुर्च्यांवर पांढरी कापडं. आपण अर्थातच कठड्याच्या मागं. दिवे गेले आणि ती पिवळसर दगडाची प्रचंड कमान एकदम जिवंत झाली. दगड वितळल्यासारखा झाला. कमानीतून पाणी उसळलं. पाण्यातून शिडाचं जहाज आलं, ते थेट आपल्या अंगावर येतंय असं वाटलं आणि पुढच्या बाईनं पोराला पोटाशी घेतलं. मग तोफा, मग आरमार, मग वाफेच्या बोटी, मग राजा आणि राणी, मग करड्या रंगाच्या युद्धनौका, शेवटी तिरंगा. पाठीमागं घोगऱ्या आवाजात निवेदन : ही नगरी सागराची लेक, हिनं जगाला कवेत घेतलं वगैरे वगैरे.

दोस्तांनो, मी टाळ्या वाजवल्या. लपवत नाही. हात दुखेपर्यंत वाजवल्या. दिसायला ती गोष्ट सुंदरच होती, आणि सुंदर गोष्टीला सुंदर न म्हणणं हा काही विद्रोह नव्हे.

खेळ संपल्यावर भाचा भेटला. घामाघूम. मी म्हटलं, "कमाल केली रे तुम्ही." तो म्हणाला, "मामा, डाव्या बाजूले चित्र जरासं हलत होतं, दिसलं का तुले? वारा सुटला होता. ज्या लोखंडी मांडवावर मशीन ठेवली होती त्याचा पाय मी धरून बसलो होतो. दीड घंटा." मी विचारलं, "मग तू खेळ पाहिला का?" तो म्हणाला, "कसा पाहीन? माहं तोंड इकडं होतं."

मग त्यानं मला हे काम कसं चालतं ते सांगितलं, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे. आधी त्या इमारतीचं इंचाइंचाचं मोजमाप घेतात. कमान कुठं, जाळी कुठं, घुमट कुठं, सगळं कॉम्प्युटरात उतरवतात. मग प्रत्येक भागासाठी वेगळं चित्र बनवतात, म्हणजे चित्र भिंतीवर नुसतं पडत नाही, भिंतीच्या अंगात बसतं. काळा दगड उजेड पिऊन टाकतो, पिवळा बरा, पांढरी भिंत सगळ्यात चांगली. आणि जिथं उजेड पडूच द्यायचा नाही, खिडकी असेल, शेजारची इमारत असेल, तिथं चित्रात काळं भरून ठेवतात. त्याला ते मास्क म्हणतात. मशीन चालूच असते, पण तेवढा तुकडा अंधारात राहतो आणि बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही की इथं काही झाकलंय.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. बडनेऱ्याकडं येणाऱ्या त्या जनरलच्या डब्यात संडासाजवळ बसून मी एकच हिशेब करत होतो. त्या कमानीवर कुठं कुठं काळं भरलं होतं?

पहिलं काळं माझ्या बापाच्या जागेवर. बहात्तरच्या दुष्काळात माझा बाप ह्याच तालुक्यातून मुंबईला गेला. पऱ्हाटी जळाली होती, विहिरीत दगड दिसत होते. काही वर्षं त्यानं गोदीत बदली हमाल म्हणून काम केलं. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, मुकादमानं नाव पुकारलं तर आत, नाही तर परत. त्याच्याकडं लाकडी मुठीचा एक लोखंडी आकडा होता, गाठी ओढायचा. तो आकडा अजून आमच्या घरात खुंटीला आहे, आता त्याला कंदील टांगतो. मी लहानपणी विचारायचो, "बा, जहाज केवढं असते?" तो म्हणायचा, "पुरं जहाज म्या कधी पाह्यलंच नाही. म्या त्याचं पोट पाह्यलं." खाली, अंधारात, धुळीत. गेटवेवर ज्यांनी जहाज दाखवलं त्यांनी ते बाहेरून दाखवलं. नाक, शिडं, झेंडा. पोट कुणीच दाखवलं नाही.

आणि त्या पोटात काय होतं? त्या पोटात बाळापूर होतं.

ही अतिशयोक्ती नाही. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभारात घेतलं ते काही आपल्या प्रेमापोटी नव्हे. त्यांना ही काळी जमीन पाहिजे होती. मँचेस्टरच्या गिरण्यांना रुई लागायची, ती यायची अमेरिकेच्या दक्षिणेकडून, लिव्हरपूलच्या बंदरात. ती वेचायचे आफ्रिकेतून धरून नेलेल्या काळ्या गुलामांचे हात. १८६१ साली अमेरिकेत त्याच गुलामगिरीवरून यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली, रुई अडकली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. आणि मग सगळ्यांच्या नजरा वळल्या इकडं. वऱ्हाड, खानदेश, गुजरात. १८६१ ते १८६५ ह्या चार वर्षांत मुंबईच्या व्यापाऱ्यांकडं पैसा असा आला की शेअरांचा जुगार सुरू झाला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, आणि युद्ध संपल्याबरोबर त्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. पण इमारती उभ्या राहिल्या. मुंबईतला राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. १८७८ साली पुरा झाला. त्याला पैसा दिला प्रेमचंद रायचंदनं, रुईच्या आणि शेअरांच्या बाजारातला सगळ्यात मोठा शेठ. टॉवरला त्याच्या आईचं नाव आहे. आई सगळ्यांनाच असते. तुमच्या-माझ्या पणजीनं वेचलेल्या कापसाचा टॉवर झाला, आणि पणजीचं नाव तलाठ्याच्या कागदावरसुद्धा नाही.

१८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथून पलीकडं खामगावला आला, कापसाच्या बाजारासाठी टाकलेल्या रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करायला. कलकत्त्याहून व्हाइसरॉय खामगावला येतो, दोस्तांनो! कशासाठी? सरकीसाठी? बंदरासाठी. शेतातून बंडी, बंडीतून जिनिंग, जिनिंगमधून गाठ, गाठ रेल्वेत, रेल्वे मुंबईच्या कुलाब्यात. तिथं १८४४ पासून रुईचा बाजार भरत होता, पुढं १९२० च्या दशकात तो शिवडीला हलला. त्या स्टेशनाचं नाव अजून कॉटन ग्रीन आहे. बंदर म्हणजे फक्त समुद्राचा काठ नव्हे. बंदराचं दुसरं टोक ह्या पऱ्हाटीच्या तासात आहे. आणि कापूस इथून गेला तेव्हा ज्वारीची जमीनही गेली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तेव्हा आपल्या भागातून रेल्वेनं रुई बाहेर जायची सोय होती, खायला मात्र दाणा विकत घ्यायला पैसा नव्हता. हे मरण कुठल्या भिंतीवर दाखवतात?

आणखी एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे. अमेरिकेतल्या गुलामांची बेडी तुटली १८६५ साली. जोतिबा फुल्यांनी 'गुलामगिरी' काढली १८७३ साली आणि ते पुस्तक अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माळ्याच्या पोराला अटलांटिकच्या पलीकडचं दिसलं. जी गाठ अमेरिकेहून यायची थांबली तीच गाठ आपल्या डोक्यावर आली, हे एका धाग्यातलं आहे. पुढं शंभर वर्षांनी आपल्या पोरांनी काळ्या पँथरचं नाव घेतलं ते काही फॅशन म्हणून नव्हे. कापसानं आपली ओळख आधीच करून दिली होती.

त्या लिव्हरपूलनं तरी काय केलं बघा. गुलामांच्या व्यापारावर माजलेलं ते बंदर. तिथं गोदीच्या जुन्या इमारतीत २००७ साली गुलामगिरीचं संग्रहालय उघडलं. फ्रान्समध्ये नांत नावाचं बंदर आहे, तिथं २०१२ साली नदीच्या काठावर गुलामीच्या अंताचं स्मारक केलं, गुलाम नेणाऱ्या जहाजांची नावं जमिनीत बसवली. गोरे लोक फार पुण्यवान झाले असं मी म्हणत नाही. काळ्या माणसांनी भांडून भांडून ते करायला लावलं. पण झालं. आपल्या गोदीत काय आहे?

आपल्याकडं गोडवे गातात ते जहाजांचे. गावेत, माझी हरकत नाही. वाडियांनी १७३६ पासून मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजं बांधली आणि ती अशी बांधली की १८१७ सालचं त्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. कुठल्या सुतारांनी ते तासलं? नाव फक्त मालकाचं. आणि १८१३ सालचं कॉर्नवॉलिस, तेही मुंबईचंच. १८४२ साली चीनला अफूच्या लढाईत नमवून जो तह केला तो नानकिंगला ह्याच जहाजावर सही झाला. ज्या अफूसाठी ती लढाई झाली त्यातली बरीचशी माळव्यातून मुंबई बंदरातूनच जायची. सागराच्या लेकीनं जगाला कवेत घेतलं म्हणतात ते असं.

आरमाराचंही तसंच. २०२३ साली ४ डिसेंबरला नौदल दिन मालवणला केला, सिंधुदुर्ग किल्ल्यावर प्रकाशाचा खेळ ठेवला, राजकोटला शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा पडला. त्यावर राजकारण्यांनी जे करायचं ते केलं, मी त्यात पडत नाही. पण महाराजांच्या आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग होते, वल्ही मारणारे कोळी आणि भंडारी होते, हे जितक्यांदा तिथं उजेडात यावं तितक्यांदा येतं का, एवढंच विचारा. इंग्रजांच्या मुंबई फौजेत मरीन बटालियन होती, जहाजावरून लढणारी. तिच्यात महार शिपाई होते. समुद्र ओलांडला की जात जाते म्हणून वरच्या जातीचे घाबरायचे. आपल्याला कसली भीती? जात गेली असती तर आपण पोहत गेलो असतो.

आता तारखेवर या. आपली सगळ्यात मोठी तारीख. १४ एप्रिल.

१९४४ सालचा १४ एप्रिल. बाबासाहेबांना त्या दिवशी त्रेपन्न वर्षं पुरी झाली, ते दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मुंबईत व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात काय काय भरलं होतं ऐका : सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. एकाच पोटात. कापूस पेटला. दुपारी चारनंतर जहाज फुटलं, अर्ध्या तासानं दुसऱ्यांदा फुटलं. गोदीचा सगळा परिसर, मांडवीच्या वस्त्या, गोदामं, जळत्या गाठी आभाळातून पडत होत्या. सहासष्ट अग्निशामक जवान मेले, त्यांच्यासाठी १४ एप्रिल देशभर अग्निशमन दिन पाळतात. बाकी शेकड्यांनी मेलेल्यांत गोदीतले हमाल किती, बिगारी किती, फुटपाथवर झोपणारे किती, त्यांच्या नावांची यादी कुठं आहे? सोन्याच्या विटा मात्र पुढं कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या, आणि त्या मोजून घेतल्या गेल्या.

आपण दर १४ एप्रिलला निळा झेंडा घेऊन निघतो. त्याच तारखेला आपल्याच जातीचे, आपल्याच वर्गाचे लोक गोदीत जळून मेले हे किती जणांना माहीत होतं? हात वर करा. … एक, दोन, तीन. मलाही चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. मास्क असा असतो.

आणि एक बंदर असं आहे की त्याचं नाव प्रत्येक भीमसैनिकाच्या छातीवर गोंदलेलं पाहिजे. दासगाव. सावित्रीच्या खाडीवरचं छोटंसं बंदर. २४ डिसेंबर १९२७. महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती. मोटारवाले नेईनात. तेव्हा बाबासाहेब आणि मंडळी मुंबईहून निघाली ती बोटीनं. बोटीचं नाव पद्मावती. दासगावला उतरले, तिथं हजारो माणसं वाट पाहत उभी होती, आणि तिथून पाचेक मैल रांगेनं चालत महाड. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. दोस्तांनो, ज्या दिवशी आपण माणूस आहोत हे आपण जगाला सांगितलं, तिथं आपण समुद्रातून आलो होतो! बंदरातून! मग सागरी वारसा म्हणून गेटवेवर राजा पंचम जॉर्ज उतरताना दाखवतात, १९११ सालचा, तर दासगावला उतरणारे बाबासाहेब का दाखवत नाहीत? राजा येऊन काय करून गेला? कमानीचा पाया घालायला निमित्त झाला. ती कमानही पुरी झाली १९२४ ला, तोपर्यंत तो कधीच परत गेला होता.

समुद्रानं बाबासाहेबांकडून घेतलंही आहे. १९१७ साली ते लंडनहून परतले, त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं येत होती, ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पै पै साठवून, उपाशी राहून घेतलेली पुस्तकं. मला कधी कधी वाटतं, आपल्या वाचनालयांत जी कपाटं रिकामी असतात ना, ती पुस्तकं अजून समुद्राच्या तळाशीच आहेत.

बरं. आता तुम्ही म्हणाल, दादा, रडगाणं झालं, पुढं काय? मोर्चा काढायचा गेटवेवर? काढा की. पण मी दुसरं सांगतो.

पोलंडमध्ये जन्मलेला एक चित्रकार आहे, क्रिस्टोफ वोडिच्को. त्याचा कुंचला म्हणजे हीच उजेडाची मशीन. १९८५ साली लंडनच्या ट्राफल्गार चौकात त्याला नेल्सनच्या खांबावर चित्रं पाडायची परवानगी होती. नेल्सन म्हणजे इंग्रजांचा आरमारी देव. त्याच चौकात दक्षिण आफ्रिकेची वकिलात. तेव्हा तिथं वर्णद्वेषी गोऱ्यांचं राज्य, मंडेला तुरुंगात. ह्या माणसानं एक मशीन गर्रकन फिरवली आणि त्या वकिलातीच्या कपाळावर हिटलरचं स्वस्तिक पाडलं. दोनेक तासांनी पोलिसांनी बंद पाडलं. पण इमारतीला काही झालं नाही, एक ओरखडा नाही, एक दगड नाही फेकला. आणि ज्यांनी पाहिलं त्यांना ती भिंत पुन्हा कोरी दिसली नसणार.

पुढं १९९९ साली तोच हिरोशिमाला गेला. अणुबॉम्बनं जळून सांगाडा उरलेली एक घुमटाची इमारत तिथं राखून ठेवलीय. तिच्या खाली नदी वाहते. त्यानं नदीच्या काठावर, पाण्याला लागून, फक्त हात दाखवले. वाचलेल्या माणसांचे हात. चेहरे नाहीत. हात हलतात, एकमेकांत गुंततात, आणि आवाज येतो, त्यांच्या स्वतःच्या तोंडून त्या दिवसाची हकिकत. त्यात मजुरीला आणलेल्या कोरियन लोकांचेही आवाज होते. जपानच्या दुःखातही ज्यांना रांगेत शेवटी उभं केलं होतं, ते.

हे वाचलं आणि मला आपली नदी दिसली, आपली भिंत दिसली.

पण त्याआधी आपल्या घरातलं एक भांडण काढतो. रागावू नका. जयंतीला आपण काय करतो? वर्गणी काढतो. दारोदार जातो, शेतमजूर बाई पदराची गाठ सोडून पन्नास-शंभर देते. त्या पैशाचा डीजे लावतो आणि ट्रकवर शार्पी लाइट लावतो. ते निळे-हिरवे झोत आभाळात भेलकांडत फिरतात. ते कशावर पडतात? कशावरच नाही. ढगावर. लेझर तर पोरांच्या डोळ्यांत जातो, डोळे अधू झालेली पोरं आहेत. आपल्या हातात उजेड आला आणि आपण तो ढगावर मारला. गेटवेवाल्यांना नावं ठेवताना हेही बोललं पाहिजे. त्यांनी निदान भिंतीवर पाडला.

एका कार्यकर्त्यानं मला सकाळी सांगितलं, "डीजे नसल तर पोट्टे येत नाहीत." येत नाहीत म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही त्यांना दुसरं काही दाखवलं का कधी?

माझं म्हणणं असं आहे. येत्या १४ एप्रिलला संध्याकाळी, मिरवणूक संपल्यावर, एका रात्रीच्या शार्पीच्या भाड्यात एक चांगला प्रोजेक्टर भाड्यानं आणायचा. माझा भाचा दोन दिवस सुट्टी काढून येतो म्हणाला. ह्या वेळी तो मांडव धरून बसणार नाही, मशीन चालवणार. किल्ल्याच्या भिंतीवर नको. ते संरक्षित स्मारक आहे, परवानगीचे कागद घेऊन आपण अकोल्यापासून फिरत बसू. शिवाय तो किल्ला आझमशहानं सुरू केला आणि १७५७ साली एलिचपूरच्या नवाबानं पुरा केला एवढंच पुस्तकात आहे, विटा कुणी भाजल्या ते नाही, तेव्हा त्याची आपल्याला फार ओढ नको. आपल्याला जुन्या जिनिंगची मागची भिंत पुरे. मोठी आहे, सपाट आहे, चुना मारला की पांढरी होईल. ह्याच भिंतीच्या आत आपल्या बायांनी सरकी वेगळी केली, छातीत रुई भरून खोकत मेल्या. हीच आपली गोदी.

दाखवायचं काय? राजा नाही, आरमार नाही. बाबासाहेबांचा पन्नास फुटी फोटोही नाही. नका हो ओरडू, ऐका. बाबासाहेबांचा फोटो आपल्या घरोघरी आहे, त्यांना आपल्या भिंतीची गरज नाही. ज्यांचा कुठंच फोटो नाही त्यांचे हात दाखवायचे. बोंडातून कापूस काढणारे हात, नखाजवळ चिरलेले. आकड्यानं गाठ ओढणारे. आणि आवाज. मुंबईला जाऊन आलेले म्हातारे अजून दहा-बारा तरी ह्या तालुक्यात आहेत, गोदीतले, गिरणीतले. त्यांना बोलतं करा. पऱ्हाटीपासून सुरू करायचं आणि बंडी, जिनिंग, रेल्वे, कॉटन ग्रीन, जहाजाचं पोट, १९४४ चा जाळ आणि शेवटी दासगावचा धक्का, पद्मावती बोट, उतरणारी माणसं. त्या बोटीचं चित्र आपल्यातल्याच एखाद्या पोरीनं काढावं. चित्रकलेच्या तासाला फळ्याजवळ बसू न दिलेल्या पोरी आपल्यात खूप आहेत.

विजेचं काय, असं एकानं विचारलंय चिठ्ठीवर. लोडशेडिंग झालं तर? बाबा रे, आपल्या तालुक्यात पारस आहे. पाचशे मेगावॅटचं औष्णिक केंद्र. तिथला कोळशाचा धूर, तिथली राख आपल्याकडं, वीज राज्याच्या तारांत. तारेतली वीज कुठल्या गावची हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून गेटवेवरचा उजेड पारसचा होता असं मी म्हणणार नाही. पण नव्हता असंही कुणी छातीठोक सांगू नये. जनरेटर ठेवू आपण, डिझेलचे पैसे मी देतो.

दोन गोष्टी करून आलोय. काल शेजारच्या गावात एका म्हातारीकडं गेलो. साठ वर्षं कापूस वेचते. तिला म्हटलं, "मावशी, तुमच्या हाताचा व्हिडिओ काढायचा आहे, मोठ्ठा करून भिंतीवर दाखवणार." ती घाबरली. म्हणाली, "माह्या हातात काय पाहाचं आहे बाप्पा?" मग थोडा वेळ हात उलटेपालटे करून पाहत बसली. आणि मग म्हणाली, "थांब, धुऊन घेऊ दे." मी म्हटलं, नका धुऊ.

दुसरी गोष्ट, भिंत पाहून आलो. वरच्या बाजूला पिंपळ उगवलाय, तो काढावा लागेल. जागेचा मालक तोंडी हो म्हणाला आहे, लेखी घ्यायचं आहे, ते संयोजकांनी बघावं. चुना दोन पोती लागेल. रविवारी सकाळी सातला जायचं आहे, ज्यांच्या घरी लांब शिडी असेल त्यांनी आत्ताच नाव द्या.

जयभीम.